शांघायची बावीस ठिकाणं आणि एक नदी

«ताई, सप्रेम नमस्कार. मी चिंचवडला राहतो, चाकणच्या एका कारखान्यात खरेदी विभागात आहे. वय 49. ऑक्टोबरच्या शेवटी कंपनी मला पहिल्यांदाच चीनला पाठवते आहे. चार दिवस खुन्शानला पुरवठादाराकडे साचे तपासायचे, मग शनिवार-रविवार शांघायमध्ये मोकळा, सोमवारी दुपारी पुडोंग विमानतळावरून परत. ऑफिसातल्या एकाने 22 ठिकाणांची यादी दिली आहे, ती सोबत जोडतो. बायको म्हणते, एवढ्या लांब जाताय तर काही सोडू नका. मला चिनी अजिबात येत नाही, इंग्रजी कामापुरतं. शाकाहारी आहे, अंडं चालतं. मुलगी (वय 25, नोकरी करते) म्हणते, बाबा नक्की हरवणार. खरं सांगू? दोन दिवस हॉटेलवर टीव्ही बघत पडून राहावं असंही मनात येतं. काय करू?»

नमस्कार.

यादी जोडलीत ते बरं केलंत. सातव्या क्रमांकावर डिस्नेलँड, बाराव्यावर सुझौच्या बागा, पंधराव्यावर नुसतंच 'शॉपिंग'. दोन दिवसांत बावीस म्हणजे दिवसाला अकरा. ही यादी पाहुण्यासाठी नाही, कुरियरवाल्यासाठी केलेली आहे. ज्याने दिली त्याने स्वतः यातली किती पाहिली, हे चहाच्या वेळी सहज विचारून बघा.

टीव्हीचं मात्र मला पटलं. दिवसभर साच्यांच्या मापांवरून घासाघीस करायची आणि रात्री गोल फिरत्या टेबलाशी बसून, समोर काय फिरत येतंय याचा अंदाज घेत चेहरा हसरा ठेवायचा, यात माणूस दमतोच. तेव्हा शनिवारी उजाडताच उठायची गरज नाही. पण पडूनच राहायचं तर हॉटेलच्या खोलीपेक्षा नदीकाठचा बाक बरा. शांघायला नदीकाठी बाक भरपूर आहेत आणि माझा सगळा सल्ला त्या नदीपाशीच येऊन थांबतो.

नदीचं नाव हुआंगपू. तिच्या पश्चिमेला पुशी, पूर्वेला पुडोंग. 'पु' म्हणजे हीच नदी, 'शी' पश्चिम, 'डोंग' पूर्व. एवढं लक्षात राहिलं की निम्मा नकाशा कळला. पश्चिम काठावर बंड आहे, म्हणजे मुख्यतः 1920च्या दशकातल्या दगडी बँका आणि पेढ्यांची रांग. समोरच्या काठावर लुचियाझुई, म्हणजे बातम्यांत दिसतं ते काचेचं शांघाय. 1990मध्ये सरकारने पुडोंग विकसित करायचं ठरवलं तेव्हा तिकडे गोदामं, जहाजांचे कारखाने आणि त्यांच्यामागे शेतं होती. तो गुलाबी गोळ्यांचा 468 मीटरचा ओरिएंटल पर्ल मनोरा 1994चा, म्हणजे तुमची बारावी झाली त्या सुमाराचा. 632 मीटरचा शांघाय टॉवर 2015मध्ये पुरा झाला, तेव्हा तुमची मुलगी शाळेत होती. हे सगळं बघायला बावीस ठिकाणी जावं लागत नाही. एका काठावर उभं राहून दुसरा बघायचा, मग पलीकडे जाऊन मागे वळून बघायचं.

पण त्याआधीचं काम चिंचवडला, जेवणाच्या टेबलावर, मुलीला शेजारी बसवून करायचं आहे. तुम्हाला भाषेची भीती वाटते, मला तुमच्या फोनची वाटते. तिकडे भाजीवालीपासून मेट्रोपर्यंत सगळे पैसे फोनवरून घेतात आणि आपलं यूपीआय तिथे चालत नाही. अलीपे हे ॲप इथूनच उतरवून घ्या, पासपोर्टचा फोटो देऊन ओळख पटवा आणि तुमचं व्हिसा किंवा मास्टरकार्डचं कार्ड जोडा. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे परदेशी व्यवहार बहुधा बंद असतात, ते चालू करा. ओटीपी इथल्या नंबरवर येणार, म्हणून आपल्याच सिमचं रोमिंग घ्या. रोमिंगचा दुसरा फायदा असा की व्हॉट्सॲप आणि गूगल चालू राहतात. हॉटेलच्या वायफायवर दोन्ही मुकी होतात आणि घरची मंडळी उगाच काळजीत पडतात. नकाशासाठी मात्र गूगलवर विसंबू नका, चीनमध्ये तो नेमकेपणाने चालत नाही. आमॅप नावाचं चिनी ॲप आता इंग्रजीतही आहे, ते घ्या. भाषांतराच्या ॲपमध्ये चिनी भाषा आधीच उतरवून ठेवा, म्हणजे नेट नसतानाही चालेल. टॅक्सी बोलवायची दीदी सेवा अलीपेच्या आतच मिळते. अलीपेला जोडलेल्या आपल्या कार्डाने एका वेळी 200 युआनपर्यंतच्या खरेदीवर जादा आकार लागत नाही, त्याहून मोठ्या खरेदीवर 3 टक्के लागतो, म्हणून मोठी बिलं जमलं तर तोडून द्या. एक युआन साधारण बारा-तेरा रुपयांना पडतो.

आणि चारपाचशे युआन रोख ठेवाच. का, ते माझ्या फजितीवरून सांगते. रात्री साडेनऊची वेळ, बंडवर फोटो काढता काढता माझा फोन दोन टक्क्यांवर आला. शांघायमध्ये जवळपास प्रत्येक दुकानात भाड्याने पॉवरबँक देणारं एक खोकं भिंतीला लावलेलं असतं. मी ऐटीत एका खोक्यापाशी गेले. पॉवरबँक सुटायला त्यावरचा कोड स्कॅन करायचा असतो. फोनने. आणि तेवढ्यात फोन मिटला. पर्समध्ये चिनी अक्षरांतलं हॉटेलचं कार्ड होतं म्हणून टॅक्सीवाल्याला पत्ता दाखवता आला, पाकिटात शंभराची नोट होती म्हणून पैसे देता आले. त्याने ती नोट दिव्याखाली धरून उलटसुलट बघितली, बऱ्याच दिवसांत पाहिली नसावी बिचाऱ्याने, आणि सुटे पैसे शोधायला खाली उतरून डिकी उघडली. तेव्हा पॉवरबँक घरूनच न्या. विमानात ती हातातल्या बॅगेत ठेवावी लागते, सामानात चालत नाही.

शनिवारी आरामात निघा. खुन्शानहून जलद रेल्वेने शांघाय वीस-पंचवीस मिनिटांवर आहे. तिकीट पासपोर्टवर निघतं आणि पासपोर्ट हेच तिकीट. चिनी माणसं ओळखपत्र टेकवून फाटकातून जातात, आपला पासपोर्ट तिथे वाचला गेला नाही तर कडेच्या माणसाच्या खिडकीकडे जायचं, गोंधळायचं नाही. हॉटेल पीपल्स स्क्वेअरच्या आसपास घ्या. मेट्रोच्या 1, 2 आणि 8 या तीन मार्गिका तिथे मिळतात. मेट्रोत दर वेळी बॅग तपासणीच्या पट्ट्यावर टाकावी लागते, तिकीट 3 युआनपासून. स्थानकाच्या कुठल्या नंबरच्या दारातून बाहेर पडायचं ते आधी बघून ठेवा, नाहीतर स्वारगेटला उतरायचं ते मंडईला उतरल्यासारखं होतं.

दुपारचं जेवण तिथेच पश्चिम नानजिंग रस्त्यावर गोंगदलिन या ठिकाणी करा. 1922पासूनचं बौद्ध शाकाहारी हॉटेल आहे. पहिलं ताट आलं की शाकाहारी माणूस दचकतो, कारण बदक, मासा, खेकडा सगळं हुबेहूब दिसतं. बदक सोयाच्या पापुद्र्यांचं आणि खेकडा चक्क बटाटा-गाजराचा. घाबरू नका, खा.

बाकी शहरात मात्र जपून. 'भाजी' म्हणून आलेल्या पालेभाजीत डुकराची चरबी असू शकते, नूडल्सचं पाणी कोंबडीचं असू शकतं, आणि वाढणाऱ्याला त्यात काही लपवतोय असं वाटतही नाही. त्याच्या लेखी मांसाचे तुकडे नाहीत म्हणजे शाकाहारी. 'वो छ सू', म्हणजे मी शाकाहारी, एवढं पाठ करा. पण खरी कामाची गोष्ट म्हणजे हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीकडून चिनीत एक चिठ्ठी लिहून घेणं: मांस, मासे, कोळंबी, चरबी, हाडांचं पाणी नको, अंडं चालेल. सकाळी टपरीवर गरम सोयाचं दूध आणि यौथ्याव मिळतं, म्हणजे लांबट, पोकळ, तळलेली पुरी म्हणा. ते पोटभर होतं. अंड्याचं धिरडं म्हणजे च्यानबिंग, ते तव्यावर समोर करून देतात, त्यातलं काय नको ते बोट दाखवून सांगता येतं. आणि बायकोला दशम्या करू द्या. त्यात कमीपणा नाही.

जेवून पलीकडच्या पीपल्स पार्कमध्ये शिरा. शनिवार-रविवारी दुपारी तिथे लग्नाचा बाजार भरतो. तुमच्या यादीत हे नाही, आणि मला विचाराल तर शांघाय कळायला याच्याइतकं चांगलं ठिकाण नाही. बागेतल्या वाटांच्या दोन्ही कडांना उघड्या छत्र्या जमिनीवर ठेवलेल्या असतात आणि प्रत्येक छत्रीवर चिमट्याने एक कागद लावलेला. त्यावर मुलाचं किंवा मुलीचं जन्मवर्ष, उंची, शिक्षण, पगार, स्वतःचं घर आहे की नाही, आणि शांघायची कायमची नोंदणी आहे की बाहेरगावचं. छत्रीमागे घडीच्या स्टुलावर आई किंवा वडील, थर्मासात गरम पाणी, आणि शेजारच्या छत्रीशी गप्पा. मुलं-मुली स्वतः तिथे फिरकत नाहीत. पुष्कळांना आपली छत्री लागल्याचं माहीतही नसतं. भाषांतराचं ॲप कागदावर धरून चार कागद वाचा. रविवारच्या पेपरातलं 'वधू पाहिजे' पान वाचत वाढलेल्या माणसाला दुभाष्या लागणार नाही. फक्त चेहऱ्यांचे फोटो काढू नका, लोकांना आवडत नाही. आणि कोणी फोन पुढे करून तुम्हाला मुलंबाळं विचारली तर मुलीचं वय सांगण्याआधी विचार करा. मी भाचीचं सांगितलं आणि पुढची दहा मिनिटं तिची उंची सेंटिमीटरमध्ये किती हे हातवाऱ्यांनी पटवत होते.

तिथून पूर्व नानजिंग रस्त्याने सरळ चालत गेलात की बंड येतो. रस्ता पायी फिरणाऱ्यांसाठी राखलेला आहे, दुकानं कुठल्याही मोठ्या शहरात असतात तशीच, न थांबता पुढे चला. वाटेत गोड बोलणारी एखादी तरुण जोडी छान इंग्रजीत 'आमचा फोटो काढता का' म्हणेल आणि मग 'इथे जवळच पारंपरिक चहाचा समारंभ आहे, चला ना' म्हणेल. जाऊ नका. त्या चहाचं बिल हजारांत येतं, आणि ते युआनमध्ये असतं. खुन्शानचा पुरवठादार तुम्हाला फसवू शकला नाही, इथे कशाला फसायचं.

बंडवर दिवे लागायच्या अर्धा तास आधी पोचा. शनिवारी गर्दी असणारच. 31 डिसेंबर 2014च्या रात्री इथे चेंगराचेंगरीत 36 माणसं गेली, तेव्हापासून बंदोबस्त कडक आहे. पोलीस एका बाजूने चालवतात, उलटं फिरू देत नाहीत, तेव्हा चुकामूक झाली तर भांडत बसू नका, पुढून वळसा घ्या. सगळी गर्दी पूर्वेकडे तोंड करून काचेच्या मनोऱ्यांचे फोटो काढत असते. तुम्ही पाठ फिरवा. पूर्व नानजिंग रस्ता जिथे नदीला मिळतो त्या कोपऱ्यावर हिरव्या तांब्याच्या टोकदार छपराची एक इमारत दिसेल. आज ते पीस हॉटेल आहे. 1929मध्ये बांधली तेव्हा नाव होतं ससून हाउस.

होय, तेच ससून. आपल्याकडे 'ससूनला नेलं' म्हटलं की पुढचं विचारायला लागत नाही, तो हॉस्पिटलचा दाता डेव्हिड ससून बगदादहून मुंबईला आला, कापूस आणि अफूच्या व्यापारात गबर झाला आणि 1864मध्ये पुण्यात वारला. लाल देवळाच्या आवारात त्याची कबर आहे. मुंबईहून अफू चीनला जायची. इंग्रजांनी त्या व्यापारापायी चीनशी युद्ध केलं आणि 1842च्या तहात शांघाय बंदर उघडून घेतलं. डेव्हिडच्या मुलाने इथे पेढी काढली. पणतू व्हिक्टर मुंबईतल्या कापडगिरण्या सांभाळता सांभाळता आपला पैसा इकडे वळवत गेला आणि त्याने हा हिरव्या टोपीचा वाडा उठवला. म्हणजे ज्या पैशाने पुण्याला दवाखाना मिळाला, त्याच पैशाची दुसरी बाजू इथे उभी आहे. शांघायमधल्या वसाहतीत रहदारी सांभाळायला इंग्रजांनी पंजाबातून शीख पोलीस आणले होते, हेही इथे उभं राहिल्यावर आठवतं. हॉटेलच्या तळमजल्यावर साध्या माणसाला सहज जाता येतं. अष्टकोनी दालनाचं रंगीत काचेचं छत बघा, आणि बाहेर या. कॉफी महाग आहे.

रविवारी सकाळी, जमलं तर साडेसहाला, पुन्हा तिथेच जा. रात्रीची गर्दी गेलेली असते, म्हातारी माणसं ताइची करत असतात, कोणी पतंग उडवत असतो, आणि उगवतं ऊन थेट दगडी इमारतींच्या तोंडावर येतं. उत्तरेला पाच मिनिटांवर 1907चा लोखंडी पूल आहे, वाइबाइदू. खालून सुझौ क्रीक ही छोटी नदी येऊन हुआंगपूला मिळते.

नऊच्या सुमाराला जुन्या शहरातली यु बाग उघडते. मिंग काळातल्या एका अधिकाऱ्याने 1559मध्ये म्हाताऱ्या आईवडिलांसाठी ती करायला घेतली, मग त्याची सिचुआनला नेमणूक झाली आणि काम वीसेक वर्षं रखडलं. ज्यांनी स्वतः घर बांधलंय त्यांना हे सांगायला नको. उघडताच आत शिरा, तासाभरात बाहेर पडा. बाहेरच्या बाजारात काही घेऊ नका.

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट: 2 युआनची फेरी बोट. पर्यटकांसाठी दिव्यांची जहाजं असतात, ती नाही. स्थानिक माणसं कामाला जायला वापरतात ती. धक्क्यावर आधी स्कूटर आणि सायकलीवाले उभे असतात, दांडा निघाला की ते गडबडीने आत घुसतात, मागून आपण. दाभोळ-धोपावे फेरी ज्याने केली आहे त्याला अगदी घरचं वाटेल, फक्त समोर नारळीऐवजी 632 मीटरचा टॉवर असतो. दहा मिनिटांत पलीकडे. उतरलात की पुडोंगच्या काठाने चालायला आणि सायकलला वेगळी वाट केलेली आहे. तिथल्या बाकावर बसा. तुमचा टीव्ही इथे.

टॉवरच्या 118व्या मजल्यावर जायचं का? आकाश अगदी स्वच्छ असेल तर जा, धुरकट असेल तर त्या पैशांत चार वेळा जेवाल.

दुपारनंतर ताकद उरली तर मेट्रोने पश्चिमेला वुकांग रस्त्यावर जा. जुनी फ्रेंच वसाहत, दोन्ही बाजूंना चिनार जातीची झाडं, आणि कोपऱ्यावर 1924ची एक इमारत, जहाजाच्या नाळेसारखी निमुळती. तिच्यासमोर फोटोवाल्यांची झुंबड असते. तुम्ही कुठल्याही बोळात वळा. बांबूवर वाळत घातलेले कपडे, दारात भाजी निवडणाऱ्या आज्या, भिंतीला टेकवलेल्या सायकली. या बोळांना लोंगतांग म्हणतात. कोणाच्या दारात डोकावू नका, बाकी कोणी काही म्हणत नाही. एखाद्या आजीला 'नोंग हौ' म्हणून बघा. तो शांघायच्या बोलीतला नमस्कार आहे, मँडरिनमधला नव्हे. नक्की हसेल.

रस्ता ओलांडताना मात्र पुण्याचे कान उपयोगाचे नाहीत. आपण गाडी आवाजावरून ओळखतो, तिथे स्कूटर विजेवर चालतात, आवाज शून्य, आणि फूटपाथवरही येतात. वाहनं उजव्या बाजूने धावतात, आणि सिग्नल लाल असला तरी उजवीकडे वळणारी गाडी वळते. तेव्हा हिरवा माणूस दिसला तरी मान दोन्हीकडे फिरवा. खिशात टिश्यू पेपर ठेवा, सार्वजनिक शौचालयात तो असेलच असं नाही. नळाचं पाणी पिऊ नका. गरम पाणी सगळीकडे मागता येतं, बाटली न्या.

सोमवारी लुंगयांग रोड स्थानकावरून मॅगलेव्हने विमानतळ गाठा. चुंबकावर तरंगणारी गाडी, 30 किलोमीटर आठ मिनिटांत, तिकीट 50 युआन, त्याच दिवशीचं विमानाचं तिकीट दाखवलं की 40. पूर्वी डब्यातल्या पाटीवर वेगाचा, ताशी 431 किलोमीटरचा आकडा लागायचा, 2021पासून 300च्या आसपास थांबतो. तरी चाकणच्या चौकातून रोज जाणाऱ्या माणसाने ती पाटी एकदा बघावी.

वहिनींसाठी काही न्यायचं तर हांगचौचा लुंगजिंग चहा घ्या. हिरवी, चपटी पानं, नुसत्या गरम पाण्यात टाकायची, पाणी खळखळतं नको. दूध, साखर, आलं घालून उकळायचा नाही, हे पुडी देतानाच सांगा. तरी उकळलाच तर मला कळवू नका.